फिन्सचा रंग बदलायचाय? आधी ब्लेड कशाचं आहे ते बघा

प्रश्न असा आहे: डायव्हिंगला पायात घालायच्या ओपन हील फिन्स (टाच उघडी, मागे स्ट्रॅप), फूट पॉकेट (पाय घालायची जागा) काळं, ब्लेड (पुढचं पातं) पिवळं. पायाला छान बसतात, किकला जोर आहे, त्यामुळे नवीन घ्यायच्या नाहीत. पण बाकीचं सगळं सामान आता गडद निळं झालंय. शिवाय नेहमीच्या ग्रुपमध्ये आणखी दोघांकडे हुबेहूब तशाच फिन्स आहेत, त्यामुळे पाण्याखाली कोण कुठला ते पटकन कळत नाही. मग स्प्रे पेंट मारून ब्लेड निळं करावं, की कपडे रंगवायच्या डायमध्ये उकळून काढावं? आणि तो रंग खाऱ्या पाण्यात टिकेल का?

डायव्हिंगचं सामान दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. रंगवलेल्या फिन्स माझ्या टेबलावर नेहमी येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा रंग काढून द्या म्हणून आलेल्या असतात. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. उकळायचा विचार सोडून द्या. रंग मारता येतो, पण ब्लेड कुठल्या मटेरियलचं आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि तुम्ही वर्णन केलंय तशा फिन्सचं ब्लेड बहुधा रंगाला अजिबात दाद न देणाऱ्या प्लास्टिकचं असतं. तिसरी गोष्ट, माणूस ओळखू यावा हा हेतू असेल तर गडद निळ्याने तुमची अडचण वाढेल.

फिनला कारखान्यात मिळालेला रंग वरून लावलेला नसतो. प्लास्टिकचे दाणे साच्यात जाण्याआधीच त्यात रंगद्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून तो रंग आरपार असतो. खडकावर घासून खोल ओरखडा पडला तरी खाली तोच पिवळा दिसतो. तुम्ही जो रंग लावाल तो मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असा वेगळा थर असणार, आणि सतत वाकणाऱ्या वस्तूला त्याने धरून राहावं अशी आपली अपेक्षा असणार.

हे वाकणं किती असतं ते आकड्यात बघा. पट्टी वाकली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. किती, तर जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागलं की जे येईल तेवढा. 6 मिलिमीटर जाडीचं ब्लेड 15 सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीत वाकलं तर बाहेरची बाजू 2 टक्के ताणली जाते आणि आतली तेवढीच दाबली जाते. पाय खाली गेला की एक बाजू ताणात, वर आला की दुसरी. एका पायाच्या मिनिटाला 20 किक धरल्या तर 45 मिनिटांच्या एका डाइव्हमध्ये हे 900 वेळा घडतं, दोन्ही दिशांना. दारं-खिडक्यांसाठी बनवलेला साधा एनॅमल ताजा असताना 2 टक्के सहन करेलही, पण तो जसजसा वाळत जातो तसतसा कडक होतो. पंधरा दिवसांनी तोच रंग तेवढ्याच वाकण्याला तडकतो. म्हणूनच रंगवलेल्या फिन्सचे फोटो पहिल्या दिवशी सुंदर दिसतात.

तडे कुठे पडतात तेही ठरलेलं असतं. फूट पॉकेट संपून ब्लेड सुरू होतं तिथून चार बोटं पुढे पहिल्यांदा आडव्या, बारीक रेषा दिसतात. ब्लेड प्रकाशात तिरकं धरून हळूच वाकवलं की त्या उघडतात, सोडलं की मिटतात. त्यानंतर कडेच्या कण्यांच्या बुडाशी, आणि पाणी जाऊ द्यायला जे आडवे झरोके ठेवलेले असतात त्यांच्या कोपऱ्यांत. ब्लेडला मधून मऊ रबरी पट्टे असतील, म्हणजे किक मारताना जे फुगून पन्हळीसारखा आकार घेतात ते, तर तिथला ताण कडक भागाच्या कितीतरी पट असतो आणि रंग सगळ्यात आधी तिथेच सुटतो. भेगांत पाणी शिरतं, पाण्याबरोबर मीठ आणि वाळूची पूड. मग थराच्या कडा वर उचलल्या जातात आणि पोपडे निघायला लागतात. हे पोपडे जातात कुठे? पाण्यात, अनेकदा थेट प्रवाळावर. मला ही गोष्ट मनापासून खटकते. आपण ज्या जागा बघायला जातो तिथेच प्लास्टिकचा चुरा सोडून यायचा, तोही केवळ रंग जुळावा म्हणून, हे पटत नाही. टिकणार नाही असा रंग न लावण्याचं माझ्यापुरतं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

त्याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, जी बऱ्याच जणांना उलटी वाटते. फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे टाकीशिवाय श्वास रोखून मारायच्या डाइव्हच्या, लांब फिन्सचं ब्लेड डोळ्यांना खूप जास्त वाकताना दिसतं, पण ते जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर जाड असतं. 1 मिलिमीटर जाडीला, त्याच 15 सेंटिमीटरच्या कमानीत, पृष्ठभागाचा ताण अर्ध्या टक्क्याहूनही कमी येतो. शिवाय कार्बन किंवा ग्लास फायबरच्या ब्लेडचा वरचा थर इपॉक्सी रेझिनचा असतो आणि इपॉक्सीवर रंग उत्तम धरतो. त्यामुळे रंगवायला सगळ्यात सोपी फिन हीच. चकाकी जाईल इतपतच बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा, धागे उघडे पडू द्यायचे नाहीत, आणि लवचिक पॉलियुरेथेन रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यायचे. कडांना मात्र जाड थर देऊ नका, आपटण्याचे घाव तिथेच बसतात. दुर्दैवाने तुमच्या फिन्स या जातीच्या नाहीत.

तुमच्या फिन्स कुठल्या जातीच्या आहेत हे घरी ओळखता येतं. आधी ब्लेडच्या मागच्या बाजूला किंवा फूट पॉकेटच्या आत साच्यातून उठलेली अक्षरं शोधा. काही फिन्सवर पीपी (पॉलीप्रोपिलीन, कडक प्लास्टिक), टीपीई (रबरासारखं मऊ प्लास्टिक), ईव्हीए (हलकं, लवचिक प्लास्टिक) असा संक्षेप असतो. नसेल तर स्ट्रॅप काढून ठेवा, विशेषतः स्टीलच्या स्प्रिंगचा असेल तर, आणि फिन गोड्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये दाबून सोडा. पॉलीप्रोपिलीनची घनता 0.9 च्या आसपास असते आणि ईव्हीएचीही 1 च्या आत, त्यामुळे अशा फिन्स तरंगतात. काजळी आणि इतर भरणा घातलेलं व्हल्कनाइज्ड रबर 1.1 च्या वर जातं, म्हणून जुन्या पद्धतीच्या जड काळ्या फिन्स दगडासारख्या तळाशी बसतात. नायलॉन आणि पॉलियुरेथेनही बुडतात. दोन मटेरियल एकत्र ओतलेल्या फिन्समध्ये निकाल मधलाच येतो, पण फूट पॉकेट मऊ, ब्लेड कडक आणि मेणचट हाताचं, आणि फिन तरंगते, असं असेल तर ब्लेड पॉलीप्रोपिलीनचं किंवा त्याच्या मिश्रणाचं आहे असं खुशाल धरा. काळ्या-पिवळ्या ओपन हील फिन्समध्ये बहुतेक वेळा हेच निघतं.

पॉलीप्रोपिलीनवर रंग का बसत नाही, ते पाण्याच्या एका थेंबाने दिसतं. ब्लेडचा एक भाग साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा आणि त्यावर थोडं पाणी पसरा. पाणी सपाट पसरून राहत नाही, गोळा होऊन थेंबथेंब होतं. रंगाचंही तेच होतं. या प्लास्टिकची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला धरून ठेवायची पृष्ठभागाची ओढ, 30 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असते, आणि रंग नीट पसरून पकड घ्यायला ती साधारण 38 च्या पुढे लागते. घासून खरखरीत केल्याने थोडी मदत होते, पण मूळ अडचण तशीच राहते, कारण रंगाला रासायनिक दृष्ट्या धरायला तिथे काही नसतं.

डायमध्ये उकळण्याचा उपायही याच कारणाने फसतो. डाय म्हणजे धाग्याच्या किंवा प्लास्टिकच्या आत शिरून तिथे अडकणारे रेणू. नायलॉन त्यांना जागा देतं, पॉलिस्टर खूप गरम केल्यावर देतं. पॉलीप्रोपिलीन देतच नाही. म्हणून या प्लास्टिकच्या दोऱ्या आणि गालिचे बनवतानाही रंग धागा ओढण्याच्या आधीच वितळलेल्या मालात घालतात. रबरही डाय घेत नाही. आणि डायला लागणारं 80-90 अंशांचं पाणी फिनला मारक असतं. ईव्हीए त्या तापमानाच्या आधीच मऊ पडायला लागतं, फूट पॉकेटचा आकार सैलावतो, ब्लेडला पीळ बसतो. टोकावर उभी करून ठेवलेली फिन नुसत्या उन्हाने कायमची वाकते हे तुम्ही पाहिलं असेल, इथे तर आपण तिला शिजवायला निघालोय. वर डाय फक्त फिकट रंगाला गडद करू शकतो. काळ्या फूट पॉकेटला फिकट करणारी कुठलीही युक्ती नाही. त्यातला काळा रंग काजळीचा असतो, आणि रबरी फूट पॉकेट असेल तर तीच काजळी रबराला मजबुती देते आणि उन्हापासून वाचवते. ब्लीचने ती जात नाही, रबर मात्र खराब होतं.

तरीही ब्लेड रंगवायचंच असेल तर एक मार्ग आहे. मोटारीचे बंपर बहुतांशी पॉलीप्रोपिलीन आणि रबराच्या मिश्रणाचे असतात. ते रंगवले जातात, थोडे वाकतात, ऊन-पाऊस खातात आणि तरी रंग टिकतो. म्हणजे तुमच्या ब्लेडच्या जवळच्या नातेवाइकावर रंग धरवायची विद्या गाड्यांच्या रंगकामात आधीच आहे. दोन गोष्टी त्यात महत्त्वाच्या. एक म्हणजे ॲडहीजन प्रमोटर. हा क्लोरिनेटेड पॉलिओलेफिनचा अगदी पातळ, जवळजवळ पारदर्शक थर असतो, जो एका बाजूने प्लास्टिकला धरतो आणि दुसऱ्या बाजूने रंगाला. दुसरी म्हणजे रंगात मिसळायचं फ्लेक्स ॲडिटिव्ह, ज्यामुळे वाळलेला थर कडक न होता लवचिक राहतो. या दोन्हींशिवाय पॉलीप्रोपिलीनवर कुठलाही भारी स्प्रे वापरला तरी निकाल तोच.

रंगाचं खरं काम मात्र त्याच्याही आधीचं असतं. फिनवर सिलिकॉन स्प्रे कधी मारला होता का, हे स्वतःला विचारा. फिन्स चकचकीत दिसाव्यात, रबर सुकू नये म्हणून अनेक जण मारतात. त्याचा अंश राहिला तर रंगात गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे, आणि कितीही हात दिले तरी ते भरत नाहीत. म्हणून प्रथम भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात दोनदा धुवा, खाचांत जुना टूथब्रश फिरवा. पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एका फडक्याने लावून दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचला, नाहीतर तेल इकडून तिकडे पसरतं. पुसल्यावरच घासा, आधी घासलं तर मळ ओरखड्यांत भरतो. 320 ते 400 नंबरचा पॉलिश पेपर पुरे. चकाकी जाऊन एकसारखा दुधाळपणा आला की थांबायचं. परत पुसायचं. इथून पुढे बोट लावायचं नाही, हातमोजे घाला.

थिनर, ॲसिटोन, टोल्युइन यांना या कामात जवळ फिरकू देऊ नका. मऊ फूट पॉकेट टोल्युइनने फुगतं, आणि दोन मटेरियलचा सांधा सुटायला सुरुवात होते. हा सांधा गेला की फिन गेली, तो चिकटवता येत नाही.

फूट पॉकेट, सांधा, मऊ पट्टे आणि टोकाची शेवटची दोन बोटं रुंदीची कड चिकटपट्टीने झाकून टाका. हे माझं ठाम मत आहे. फक्त कडक भाग रंगवायचा. मग ॲडहीजन प्रमोटरचा एक पातळ हात, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत रंगाचा पहिला हात. ही वेळ अनेकदा काही मिनिटांचीच असते, आणि ती टळली की प्रमोटर असून नसल्यासारखा. रंगाचे तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही चांगले, कारण थर जाड झाला की त्याचा स्वतःचा ताणही वाढतो. पिवळ्यावर निळा मारताना पहिला हात हिरवट दिसेल. घाबरून लगेच भरपूर रंग ओतू नका.

हाताला सुका लागला म्हणजे रंग तयार झाला असं नाही. निदान आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी ठेवा. मग कोपऱ्यात धारदार पात्याने, फक्त रंगाच्या थरापुरत्या, आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून चौकटी करा, त्यावर चांगली चिकटणारी टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगकामाच्या धंद्यात हीच चाचणी वापरतात. टेपवर चौकटी आल्या तर तो रंग समुद्रात नेऊ नका. आल्या नाहीत तर फिन पन्नासेक वेळा दोन्ही बाजूंना वाकवा आणि टेप पुन्हा लावा. हे सगळं आधी एकाच फिनच्या, एकाच बाजूच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर करून बघा, दोन्ही फिन्स एकदम घेऊ नका.

एक धोका स्पष्ट सांगायला हवा. गाड्यांचा टिकाऊ लवचिक रंग बहुतेकदा दोन भागांचा पॉलियुरेथेन असतो, आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. स्प्रे केल्यावर ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. डायव्हिंग करणाऱ्याने तर स्वतःच्या फुप्फुसांशी हा खेळ मुळीच करू नये. म्हणून धुऊन, घासून, झाकून तयारी घरी करा आणि रंग मारायचं काम बंपर रंगवणाऱ्याकडे द्या. त्याच्याकडे बूथ असतो, बाहेरून हवा पुरवणारा मास्क असतो, आणि पॉलीप्रोपिलीन म्हटल्यावर काय करायचं ते त्याला माहीत असतं. हा रंगही जन्मभर टिकणार नाही. बोटीच्या शिडीवर आणि वाळूत टोकं घासली जाणारच. पण पोपडे न निघता हळूहळू झिजेल, आणि मला तेवढं मान्य आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या फिन्स पूर्ण रबराच्या असतील तर त्यांच्यासाठी थोडं. 1960 च्या दशकात आलेल्या जेट फिन या जड रबरी फिनच्या घराण्यातल्या यातल्या बऱ्याच फिन्स. रबरातून मेण आणि संरक्षक रसायनं वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत राहतात; जुन्या फिनवर दिसणारा पांढरट थर तोच. आज कितीही स्वच्छ करून रंगवलं तरी ते रंगाखाली येतच राहणार आणि रंग आतून सुटणार. रबरी बोटींसाठी बनवलेला लवचिक रंग त्यातल्या त्यात टिकतो, तोही छोट्या खुणेपुरता. स्नॉर्कलिंगच्या स्वस्त पीव्हीसी फिन्सवर व्हिनाइलचा स्प्रे चांगला धरतो, कारण तो त्या प्लास्टिकमध्ये किंचित मुरतो. साधा एनॅमल मात्र पीव्हीसीवर कायम चिकट राहतो, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं तेल त्यात उतरतं. प्लास्टी डिपसारखा सोलून काढता येणारा रबरी स्प्रे तरणतलावात हौस म्हणून ठीक आहे, त्याचा फायदा एवढाच की निघाला तर अखंड कातड्यासारखा निघतो.

आता रंगाच्या निवडीकडे येतो. स्वच्छ पाण्यातही लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, 10 मीटरवर त्याचे काही टक्केच उरतात. मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात खोल जातो, म्हणून खाली सगळीकडे निळंच दिसतं. त्या निळ्या पडद्यासमोर गडद निळी फिन म्हणजे काळपट सावली. लाल करावी म्हणाल तर 15 मीटरवर तीही काळपटच. फ्लुरोसंट रंगांचं तसं नाही. ते निळा-हिरवा प्रकाश शोषून स्वतः नारिंगी किंवा पिवळा प्रकाश सोडतात, म्हणून वरून लाल-नारिंगी प्रकाश पोचत नसला तरी ते पेटल्यासारखे दिसतात. अमेरिकेत जो ॲन किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नौदलासाठी पाण्याखाली कुठले रंग किती दिसतात याचा अभ्यास करून 1967 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातही फ्लुरोसंट रंग साध्या रंगांपेक्षा सरस ठरले, आणि कोणता फ्लुरोसंट रंग जास्त उठून दिसेल ते पाणी किती गढूळ आहे यावर बदलत गेलं. त्यांचा एक दोष लक्षात ठेवा, उन्हात ते साध्या रंगांपेक्षा लवकर विटतात.

पिवळा बदलण्यामागे शार्कला तो आवडतो असं कुणी सांगितलं असेल, तर त्यावर फार जाऊ नका. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या नेथन हार्ट यांच्या गटाने 2011 मध्ये 17 जातींच्या शार्कचे डोळे तपासले. 10 जातींमध्ये रंग ओळखायला लागणाऱ्या शंकुपेशी सापडल्याच नाहीत, उरलेल्या 7 मध्ये एकाच प्रकारच्या होत्या. म्हणजे त्यांना रंग दिसण्याची शक्यता कमी, गडद-फिकट यातला फरक मात्र दिसतो.

तेव्हा ग्रुपमध्ये ओळखू येण्यासाठी मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगतो. ब्लेड पिवळंच ठेवलं असतं, तो चांगला रंग आहे. स्ट्रॅप बदलले असते. टाचेमागचा स्ट्रॅप वाकत नाही, मागून येणाऱ्या बडीच्या (डाइव्हमधल्या जोडीदाराच्या) डोळ्यांसमोर असतो, आणि बहुतेक कंपन्या तो वेगवेगळ्या रंगांत देतात. इथे हवा तर निळा घ्या, सामानाशी मेळ इथे जमवा. बकलही रंगीत मिळतात. बकल कधी रंगवू नका, रंगाचा पातळ थरसुद्धा खटका अडकवायला पुरेसा असतो आणि पाण्यात फिन सुटणं ही गंमत नाही. फिकट रंगाचा सिलिकॉन स्ट्रॅप घेतलात तर तो काळ्या रबराला टेकवून महिनोन्‌महिने ठेवू नका, रबरातली रसायनं त्यावर पिवळट-तपकिरी डाग पाडतात आणि ते धुऊन जात नाहीत.

त्यापुढे एक खूण, ब्लेडच्या कडक भागावर, पॉकेटच्या जवळ, जिथे वाकणं जवळपास नसतं. फ्लुरोसंट नारिंगी रंगाचा दोन बोटं रुंद आडवा पट्टा. वर सांगितलेली सगळी तयारी एवढ्याशा जागेवर करणं सोपं असतं आणि कमी ताणामुळे तो टिकतोही. कुठल्या बाजूला लावायचा याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. फिन घालून उभं राहिलं की ब्लेडची जी बाजू वर दिसते, ज्यावर कंपनीचं नाव असतं, ती आडवं पोहताना खाली तळाकडे तोंड करते. वरून बघणाऱ्या बडीला आणि बोटीवरच्या माणसाला तळव्याची बाजू दिसते. म्हणून पट्टा तळव्याच्या बाजूला लावा, जमिनीवर तो कुणाला दिसला नाही तरी चालेल. तुमच्या ग्रुपमधल्या त्या दोघांनाही हेच सुचवा, एकाने एक पट्टा, दुसऱ्याने दोन. रंग ओळखता आला नाही तरी संख्या ओळखता येते.

परावर्तक टेप रात्रीच्या डाइव्हला टॉर्चच्या उजेडात जबरदस्त चमकते, पण पॉलीप्रोपिलीनवर तिचा गोंद धरत नाही. ती विणलेल्या पट्टीच्या स्ट्रॅपवर शिवून घ्या. ब्लेडच्या टोकाला अडकवायचं भोक असेल तर त्यात रंगीत दोरीचा घट्ट, छोटा फेरा बांधता येतो, फक्त लोंबती टोकं ठेवू नका, ती जाळ्यात आणि दोऱ्यांत अडकतात. नाव किंवा खूण कोरण्याचा मोह टाळा. वाकणाऱ्या वस्तूवर मारलेली प्रत्येक चीर ही पुढे फाटायची जागा असते.

आणि आधीच कुणी रंगवलेली फिन हातात आली असेल तर पेंट रिमूव्हर लावू नका, तो रंगाआधी मऊ प्लास्टिक खातो. फिन तासभर गार पाण्यात ठेवा, बाहेर काढून भेगा उघडतील इतपत वाकवा आणि प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेने पापुद्रे सोला, सुरी नको. पॉलीप्रोपिलीनवरून आश्चर्य वाटेल इतका सहज निघतो. खाचांतला उरलेला रंग नायलॉनच्या ब्रशने काढा, आणि हे सगळं कागद अंथरून करा, म्हणजे चुरा गोळा करून कचऱ्यात टाकता येईल, नळाखाली वाहून जाणार नाही.